मानेपर्यंत भरलेली बाटली

नमुनेकाकांच्या खोलीला खिडकी नव्हती, आणि काकांना त्याचाच अभिमान होता. उजेड लागला की औषधं पिवळी पडतात, रंग विटतात, म्हणून ती खोली मुद्दाम प्रयोगशाळेच्या मागे, कारखान्याच्या अगदी पोटात बांधलेली. चारही भिंतींना छताला टेकलेल्या लोखंडी मांडण्या आणि त्यांवर ओळीने तपकिरी काचेच्या बाटल्या. प्रत्येक बाटलीच्या बुचावरून डिंकाची कागदी पट्टी, पट्टीवर तारीख, तारखेखाली काकांची सही, सहीवर शिक्का. कारखान्यात येणाऱ्या आणि कारखान्यातून जाणाऱ्या प्रत्येक मालातला थोडा वाटा या खोलीत ठेवायचा, असा नियम. उद्या कुणी म्हणालं की तुमचा माल वाईट होता, तर बाटली काढायची, तपासायची, खरं-खोटं तिथल्या तिथे. तीन वर्षं कुणी काही बोललं नाही, तर ती बाटली मोडीत.

हे काम काकांनी एकोणीस वर्षं केलं. त्याआधी ते ॲसिडच्या भट्टीवर होते. तिथे छाती बिघडली, म्हणून बसून करायच्या कामावर आले. लोक मागे म्हणत, नमुने सांभाळणारा हाही एक नमुनाच. काकांच्या कानावर ते गेलं होतं. त्यांना राग आला नाही, उलट ते स्वतःच कधीकधी तशी ओळख करून देत.

नवीन माणूस कामावर लागला की पहिल्या दिवशी त्याला काकांकडे धाडत. त्याला सगळे प्रवचन म्हणत, कारण काका ते बसून नव्हे, मांडणीला हात टेकून उभ्याने सांगत आणि मध्ये कुणाला शिंकूही देत नसत.

पहिली भिंत थोरल्यांची, ते म्हणत. सल्फ्युरिक ॲसिड, कॉस्टिक सोडा, सोडा ॲश, अमोनिया. ही मंडळी टँकरने येतात, टँकरने जातात. भाव मातीचा, पण त्यांच्यावाचून पुढच्याचं पान हलत नाही. या एका ॲसिडवर खत होतं, कपडे धुवायची पावडर होते, गाडीची बॅटरी चालते. घरातल्या म्हाताऱ्यांसारखं आहे, कुणी विचारत नाही आणि कुणाचं अडल्याशिवाय राहत नाही. दुसरी भिंत खनिज तेलाच्या लेकरांची. त्यातून प्लास्टिकचे दाणे निघतात, आणि सॉल्व्हन्ट निघतात, म्हणजे ज्यात बाकीचे विरघळतात ती पातळ द्रव्यं. दुसऱ्याचं काम होईपर्यंत सॉल्व्हन्टने भांड्यात असायचं आणि काम झालं की निमूट बाजूला व्हायचं, औषधाच्या गोळीवर त्याचं नाव नाही. इथे काका थांबत आणि म्हणत, आमच्या घरी पण एक आहे असं, पण ते निमूट नाही.

तिसरी भिंत मधल्या पिढीची, ना बापाची ओळख, ना मुलाची कीर्ती. कारखान्यातून कारखान्यात विकली जाणारी पिवळी, करडी भुकटी, तिच्यापासून पुढे कुठे कापडाचा रंग होतो, कुठे पिकावरचं कीडनाशक, कुठे तापाचं औषध. सख्खी भावंडंच ती. एक औषध झालं, एक विष झालं. चौथ्या भिंतीवर हे सगळे तयार होऊन बसलेले, घराला लावायचे रंगसुद्धा. आणि कोपऱ्यात एक छोटं कुलपातलं कपाट, त्यात साबणात आणि अत्तरात घालायचे वास. त्याची किल्ली काकांच्या खिशात, कारण नाक सगळ्यांनाच असतं.

"पहिल्या भिंतीचा माल टनाने विकतात, चौथीचा किलोने, आणि त्या कपाटातला तोळ्याने," असा शेवट ते करत. "जितका पुढे जाल तितकं माप लहान, भाव मोठा आणि चुकीला माफी कमी. लक्षात ठेवा आणि जा."

त्यांच्या जावयानेही हे प्रवचन ऐकलं होतं, जावई होण्याच्या आधी. तो औषध विभागात रिअॅक्टरवर लागला. रिअॅक्टर म्हणजे बंद पोलादी भांडं, आत ढवळणं, बाहेरून वाफ नाहीतर गार पाणी. काकांनी त्याला हेरला तो एका गोष्टीवरून: कामावर चढताना तो डोळ्यांवरचा चष्मा पुसायचा आणि उतरतानाही पुसून ठेवायचा. उतरताना पुसणारा माणूस काकांनी दुसरा पाहिला नव्हता. त्यांनी घरी येऊन सांगितलं, आपल्या लेकीला असा नवरा हवा. एकुलती एक लेक, तीही दोन गल्ल्या सोडून राहायला मिळाली, म्हणून तिच्या आईने देवाचे आभार मानले. आठ वर्षं सगळं सुरळीत होतं.

आता काकांच्या एका सवयीबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं तिच्यातूनच आलं.

बाटल्या भरलेल्या राहत नाहीत. प्रयोगशाळेतले तपासायला थोडं काढून नेतात, शिवाय सॉल्व्हन्ट बुचातूनही उडतं. काका या खोलीत आले त्याच वर्षी बाहेरचे निरीक्षक आले होते, त्यांनी वहीत शेरा मारला होता, की खोली व्यवस्थित नाही, बाटल्यांची पातळी एकसारखी नाही. तो शेरा काकांच्या जिव्हारी लागला. तेव्हापासून दर शनिवारी दुपारी ते दार लावून घेत आणि जी बाटली उतरलेली दिसेल ती त्याच मालाच्या नव्या खेपेतून मानेपर्यंत भरत. जुनी पट्टी सोडवून नवी लावायची, त्यावर तारीख जुनीच, सही, शिक्का. त्यात लबाडी नव्हती, निदान काकांना ती वाटली नाही. पुरवठादार तोच, माल तोच. पाण्यात पाणी ओतलं, त्यात काय बिघडलं?

एकदा जेवताना त्यांनी हे बायकोला कौतुकाने सांगितलं. ती पिठाचा डबा पुसत होती. जुनं पीठ संपून डबा धुऊन वाळल्याशिवाय ती नवं पीठ ओतत नसे, मग दोन दिवस पीठ पिशवीत का राहेना. तिने विचारलं, "अहो, मग ती बाटली कुठल्या दिवसाची?"

"पट्टीवर लिहिलेलं असतं," काका म्हणाले.

"पट्टीवर लिहिलेलं असतं हो. आत काय असतं?"

"तुझं पीठ आणि माझं रसायन यात फरक आहे," असं म्हणून काकांनी वाटी पुढे केली. ती पुन्हा त्या विषयावर बोलली नाही. तिचा स्वभाव तसा. जे एकदा सांगून पटत नाही, ते ती देवापुढे ठेवायची आणि आपल्या कामाला लागायची.

निवृत्तीला चार महिने उरले होते, तेव्हा जावयाच्या हातची एक खेप बिघडली. औषधाची पांढरी भुकटी व्हायची ती डांबरासारखा चिकट गाळ होऊन भांड्याच्या तळाशी बसली. कामगारांनी दोन दिवस खरवडून काढली. ती क्रिया पाण्याला सोसत नाही. भांडं कोरडं ठणठणीत हवं, सॉल्व्हन्टही तसंच. कुठून तरी पाणी आलं होतं, एवढं सगळ्यांना कळलं. प्रश्न एकच, भांड्यातून आलं की सॉल्व्हन्टमधून. भांड्यातून आलं असेल तर ते नीट न वाळवणारा जावई दोषी. सॉल्व्हन्टमधून आलं असेल तर पुरवठादार. सॉल्व्हन्ट आत घेताना पाणी मोजायला हवं होतं, पण मोजायचं यंत्र त्या आठवड्यात दुरुस्तीला गेलेलं, म्हणून पुरवठादाराच्या कागदावर विश्वास ठेवून पिंपं उतरवून घेतली होती. ही गोष्ट मात्र कुणी मोठ्याने बोलत नव्हतं.

मोठ्या साहेबांच्या खोलीत चौकशी बसली. जावई म्हणाला की त्याने भांडं आठ तास गरम ठेवून वाळवलं होतं, पाणी सॉल्व्हन्टमधून आलं असेल. साहेब म्हणाले की असेल हा शब्द त्यांच्या कामाचा नाही. तेव्हा कोपऱ्यात बसलेले काका उठले. त्यांनी सदरा खाली ओढून नीट केला. सगळ्यांदेखत ते म्हणाले, "असेल-नसेल कशाला साहेब? पिंपं रिकामी झाली, तरी त्या खेपेची बाटली आहे माझ्याकडे. माझी बाटली कुणाची भीड धरत नाही."

जावयाने त्यांच्याकडे पाहिलं. त्या पाहण्यात आठ वर्षांत पहिल्यांदा, सासरा म्हणून नव्हे, बाप म्हणून पाहणं होतं. निदान काकांना तसं वाटलं आणि ते छाती काढून खोलीकडे निघाले.

दुसरी भिंत, डोळ्यांच्या उंचीची फळी. त्यांनी बाटली उचलून दिव्यापुढे धरली. बाटली मानेपर्यंत भरलेली होती.

तीन आठवड्यांपूर्वी प्रयोगशाळेतल्या बाईंनी दुसऱ्या कसल्याशा चाचण्यांसाठी त्यातलं बरंचसं ओतून नेलं होतं. तळाशी एक पंचमांश उरलं असेल. मग शनिवार आला होता. मग काकांनी नव्या खेपेतून ओतलं होतं. आठवलं ते सगळं एकदम आठवलं, बुचाची कुरकुर, डिंकाचा वास.

खोलीपासून प्रयोगशाळेचं दार चाळीस पावलं. या चाळीस पावलांत माणूस काय काय ठरवतो आणि मोडतो. सांगावं की थांबा, या बाटलीत मी भेसळ केली आहे? मग विचारतील, आणखी कुठल्या? मग एकोणीस वर्षं काय करत होतात? त्यांनी मनात देवाचं नाव घेतलं. देवाचं नाव घेतलं की माणसाला वाटतं आपण काहीतरी केलं. तळाशी खराब माल आहे ना, तो कळेलच यंत्राला, असंही त्यांनी स्वतःला समजावलं.

दारात बाईंनी बाटली हातात घेतली; रोज पन्नास बाटल्या हाताळणाऱ्या त्यांना ही आठवत नव्हती. जावई तिथेच उभा होता. बाईंनी पट्टीवर बोट फिरवत विचारलं, "काका, सील शाबूत?"

"शाबूत," काका म्हणाले.

यंत्र आता दुरुस्त होऊन आलं होतं. आकडा तासाभरात आला. पाण्याची मर्यादा पाच, आकडा चार पूर्णांक सहा. मर्यादेच्या आत. साहेबांना आकड्याशी देणंघेणं नव्हतं, मर्यादेशी होतं. त्यांनी जावयाकडे बघून कागद पालथा घातला.

काकांना मात्र आकड्याशी देणंघेणं होतं. हा पुरवठादार दोनाच्या वर कधी गेला नव्हता, मग हे चार पूर्णांक सहा कुठून? ते खोलीत गेले, स्टुलावर बसले आणि जुन्या पावतीच्या पाठीवर त्यांनी हिशोब मांडला. नव्या खेपेची स्वतःची बाटली शेजारीच होती, तिचा आकडा दोन. तर बाटलीत चार भाग दोनाचे आणि एक भाग जुन्या खेपेचा. सरासरी चार पूर्णांक सहा यायची, तर तो एक भाग पंधराचा हवा. त्यांनी तीनदा मांडून पाहिलं. पंधरा. मर्यादेच्या तिप्पट. जावयाचं भांडं कोरडं होतं, हे त्या खोलीत, त्या एका पावतीवर, स्वच्छ लिहिलेलं होतं, आणि जगात ते एकाच माणसाला ठाऊक होतं.

ती पावती चार दिवस त्यांच्या सदऱ्याच्या खिशात राहिली.

या चार दिवसांत त्यांनी काय केलं, तर रोजच्यासारखं कामावर गेले. बायकोने विचारलं, तोंड का उतरलंय, तर छातीचं कारण सांगितलं. साहेब फार तर जावयाची बदली करतील, थोडे दिवस घरी बसवतील, मग सगळं थंड होईल, असं ते मनाशी म्हणत. चार महिन्यांनी आपला निरोप समारंभ होईल, तोपर्यंत नाव राहू दे. चाळीस वर्षं एका ठिकाणी काम करून माणूस कमावतो काय, नावच ना? दुसऱ्या दिवशी संध्याकाळी लेक येऊन गेली. तिने पाणीसुद्धा घेतलं नाही. उंबऱ्याच्या आत उभी राहून तिने बापाला सरळ विचारलं, "बाबा, त्या बाटलीत काय होतं?"

"होतं ते होतं," काका म्हणाले.

"ते खोटं बोलत नाहीत. तुम्हीच निवडला होतात ना त्यांना?"

काकांनी वर्तमानपत्र उलगडलं. देव सगळं बघतो, पण देव साक्षीला येऊन उभा राहत नाही, ते काम त्याने माणसांवर सोपवलेलं असतं.

पाचव्या दिवशी जावयाच्या हाती पत्र पडलं. निष्काळजीपणामुळे कामावरून कमी करण्यात येत आहे. तेव्हा कुठे काका साहेबांकडे गेले. त्यांनी ती पावती, घडीवर मळलेली, टेबलावर ठेवली आणि सगळं सांगितलं, शनिवार, मानेपर्यंत, पट्टी, पंधरा. नव्या खेपेची बाटली समोर आहे, हिशोब कुणीही करून बघावा, असंही सांगितलं. साहेबांनी उठून दार लावलं.

"किती बाटल्या?" त्यांनी विचारलं.

"उतरलेली दिसेल ती."

"किती वर्षं?"

"एकोणीस."

साहेबांनी पावतीवरचे आकडे बोटाने पुन्हा जुळवून पाहिले. त्यांना हिशोब कळला होता. ते रसायनं शिकूनच साहेब झालेले. मग ते हळू आवाजात बोलू लागले, आजारी माणसाशी बोलावं तसे. पुढच्या महिन्यात औषधाच्या गिऱ्हाइकांचे निरीक्षक यायचे आहेत. हा कागद खरा धरला, तर एक खेप नाही, पाचही विभागांचा एकेक दाखला रद्दी ठरतो. ॲसिड, रंग, कीडनाशक, औषध, अत्तराचे वास, सगळं. नऊशे माणसं इथे काम करतात.

"एका माणसासाठी नऊशे?" ते म्हणाले. "आणि काका, तुम्ही पाच दिवस कुठे होतात?"

उत्तराची वाट साहेबांनी पाहिली नाही. त्यांनी पावती ड्रॉवरमध्ये टाकली. काका निघताना, अगदी सहज सांगावं तसं, त्यांनी बजावलं, की निरीक्षक यायच्या आत सगळ्या बाटल्या एकसारख्या दिसल्या पाहिजेत. कागदावर काही नको. तुम्हाला सांगायला नको, तुमचा हात बसलेला आहे.

काकांनी त्या भरल्या. आजवर हौसेने केलं, ते आता हुकमाने केलं. पुढचे चार शनिवार ते दार लावून बुचं उघडत राहिले आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांना त्या कामाची लाज वाटली. तरी एकही बाटली सुटली नाही.

जावयाला दुसऱ्या कुठल्या कारखान्याने घेतलं नाही. या धंद्यात माणसाच्या आधी त्याची कीर्ती फाटकापाशी पोहोचते. दोन महिन्यांनी तो बाजारात एका रंगाच्या दुकानात लागला. गिऱ्हाइकाने पुस्तकातली छटा दाखवायची, याने पांढऱ्या रंगात थेंब मोजून टाकायचे आणि डबा यंत्रात बसवून हलवायचा. प्रवचनातली चौथी भिंत, तिचंही सगळ्यात शेवटचं टोक. लेक माहेरी येईनाशी झाली. आईला वाटेत भेटली तेव्हा म्हणाली, बाबांनी ती बाटली पुढे केली नसती, तर निदान संशयाचा फायदा तरी मिळाला असता. आईने घरी येऊन ते जसंच्या तसं सांगितलं आणि देवापाशी जाऊन बसली. त्या दिवशी तिची पूजा बरीच लांबली.

एका दुपारी काका रंगाच्या दुकानात गेले. जावई चष्मा पुसत होता. त्याने पुसून झाल्यावर तो कपाळावर चढवला आणि वाट बघत उभा राहिला. काकांनी वाटेत शब्द जुळवले होते, ते एकाच वेळी सगळे बाहेर पडले. बाटली, शनिवार, एक भाग पंधराचा. साहेबांकडे गेलो होतो, हेही सांगितलं.

"मला माहीत होतं," जावई म्हणाला.

"कसं?" काकांनी विचारलं.

"बाईंनी ती बाटली ओतली तेव्हा मी तिथेच होतो, दुसऱ्या कागदासाठी आलेलो. तळाशी दोन बोटं उरली होती. आणि तुम्ही घेऊन आलात ती मानेपर्यंत."

"मग बोलला का नाहीस?"

"तुम्ही बोलाल म्हणून." त्याने एक डबा यंत्रात बसवला, पट्टा आवळला. "चौकशीत तुमच्यावर बोट मी कसं दाखवणार? मला वाटलं, दारापर्यंत बोलतील. मग वाटलं, आकडा आल्यावर बोलतील. मग पत्र आलं."

"लेकीला सांगितलंस?"

"नाही. सांगितलं तर तिचं माहेर जाईल. माझं काम गेलं तेवढं पुरे."

यंत्र सुरू झालं आणि डबा असा थडथडू लागला की पुढचं काही ऐकू येईना. मालक आतून हिशोबाची वही घेऊन आला आणि जावयाला खुणेनेच विचारलं, हे कोण. जावयाने यंत्र थांबवलं.

"पूर्वीच्या कारखान्यातले आहेत," तो म्हणाला. मग काकांकडे वळून, "काका, जरा बाजूला व्हा. गिऱ्हाईक खोळंबलंय."

आठ वर्षं तो त्यांना बाबा म्हणत आला होता.

निरीक्षक येऊन गेले. त्यांनी नमुन्यांच्या खोलीबद्दल वहीत खास चांगला शेरा लिहिला. काका ठरल्या दिवशी निवृत्त झाले. उपाहारगृहात खुर्च्या मांडल्या होत्या, पाचही विभागांची माणसं आली होती. आईने हातापाया पडून बोलावलं, म्हणून लेकही आली. ती पहिल्या रांगेत आईशेजारी बसली, नवऱ्याची खुर्ची रिकामी ठेवून. मोठे साहेब बोलायला उठले. कारखान्यात माणसं येतात-जातात, म्हणाले, पण काकांसारखा काटेकोर माणूस विरळा. एकोणीस वर्षांत यांच्या खोलीत एकसुद्धा बाटली कुणाला कधी अर्धी दिसली नाही.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. काकांच्या बायकोने मांडीवरचे हात हलवले नाहीत. लेकीने मात्र, चारचौघांत बापाची शोभा नको म्हणून, सगळ्यांच्या बरोबरीने वाजवल्या.